डाव्या बाजूचं वजन

राजय्या मिस्त्रीकडे मोटार नेणं सोपं होतं. त्यानं ती हातात घेणं अवघड होतं.

त्या काळी सोलापुरात मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांच्या मालकांतले शहाणे त्याहून मोजके. टांग्याचा घोडा लंगडला तर लोक त्याचा खूर उचलून बघत. मोटार एका अंगाला ओढायला लागली की मात्र तिला शिव्या देत आणि तशीच दामटत. टायर एका कडेनं पार झिजून आतला कपडा दिसायला लागला म्हणजे मग सात रस्ता चौकापलीकडच्या राजय्याच्या पत्र्याच्या शेडपुढं येऊन हॉर्न वाजवत. राजय्या शांतपणे बाहेर येई. गाडीकडे बघे, मालकाकडे बघे, आणि बहुतेकदा मालकाकडेच जास्त वेळ बघून म्हणे, "आदी तयार करून आना की."

गाडीची चाकं एकमेकांशी सरळ रेषेत बसवायची, याला राजय्या 'सुताला लावणं' म्हणे. तो पद्मशाली, घरात पिढ्यान् पिढ्या मागाचा खडखडाट. मातृभाषा तेलुगू, मराठी गिरणीत शिकलेली. आधी गिरणीत माग जुळवायचं काम करायचा, मग तिथल्या लॉऱ्या दुरुस्त करता करता मोटारींत शिरला. पण येताना सूत बरोबर घेऊन आला. खळ लावलेलं ताण्याचं सूत. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या उभ्या करून तो हे सूत ताणायचा, बोटानं छेडून कान देऊन ऐकायचा, आणि मग सुतापासून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर पट्टीनं मोजायचा. मोजताना आकडे तेलुगूत पुटपुटे. पुढची दोन चाकं पुढच्या बाजूनं एकमेकांच्या किंचित जवळ हवीत, असा त्याचा नियम. "एकमेकाकडं जरा बघत चालावं त्यांनी," तो सांगे. "तोंड फिरवून चालल्यावर संसार कसा व्हायचा?"

हे मोजण्याचं काम तासाभराचं. त्याआधीची तयारी दोन दिवसांची. गिऱ्हाइकांना राग यायचा तो याच हिशेबाचा.

मी हे सगळं बघायला तिथं काय करत होतो? वकिली. म्हणजे सनद घेतली होती, काळा कोट शिवला होता आणि शेडला लागून असलेल्या खोलीवर नावाची पाटी लावली होती. अशील येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून मी मिस्त्रीच्या बाकावर जाऊन बसे, आणि अशील येत नसल्यामुळे दिवे लागेपर्यंत बसे. राजय्याला टायर 'वाचायची' सवय होती. डोळे मिटून तळवा टायरवरून पुढं फिरवायचा, मग मागं. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं खरखरीत लागलं, की चाक कुठं वाकडं चाललंय ते तो सांगे. हीच विद्या तो माणसांवरही चालवी. अमक्याचं टायर आतल्या कडेनं झिजतंय, तमक्याच्यात हवाच जास्त. एकदा मी त्याला विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं लई चांगलं हाय वकीलसाब. नवंकोरं. चाललंच न्हाय की अजून."

आमचे एक डॉक्टर होते. त्यांना राजय्यानं तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा गाडीच्या पोटाला चिकटलेल्या काळ्या मातीसाठी. "ह्या मातीत शाळू पेरा डॉक्टरसाब, पन सूत लावाय सांगू नका. ही माती सोबत न्यायची हाय का तुमाला जल्मभर?" डॉक्टर गाडी धुऊन आले, तर चार टायरांत चार तऱ्हेची हवा. तीही गाडी उन्हातून पळवून आणून मोजायची नाही. रात्रभर सावलीत उभी असताना, गार टायरात मोजायची. तिसऱ्यांदा हवाही बरोबर होती, पण राजय्यानं गाडी उचलून पुढचं चाक दोन हातांनी हलवलं तर ते खिळखिळं. "दात हलतोय आन् तुमी म्हनता सरळ बशीव," तो म्हणाला. चौथ्या खेपेला गाडी त्याच्या मनासारखी आली. त्यानं ती जॅकवरून खाली उतरवली आणि चार माणसांकडून हातांनी दहा पावलं पुढं ढकलून घेतली. पुढंच, मागं एक बोटही नाही. "उचलून ठेवल्याली चाकं अवघडून उभी ऱ्हात्यात. चार पावलं चालली की आपल्या मूळ सवयीवर येत्यात." ही गोष्ट त्यानं डॉक्टरांना समजावून सांगितली तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर रोग्याचे भाव होते.

पण सगळ्यात मोठा घोळ वजनाचा. राजय्याचं म्हणणं, रिकामी गाडी कधी पळत नाही, मग रिकामी गाडी सुताला का लावायची? जो बसतो तो बसलेला हवा. नेहमी असतं तेवढं पेट्रोल टाकीत हवं. ज्या मालकाला तासभर गाडीत गप्प बसवत नाही त्यानं आपलं वजन करून द्यावं. मिस्त्री तेवढी वाळू पोत्यात भरून जागेवर ठेवील. एका गिरणीचे गोरे साहेब या अटीवर चिडून निघून गेले, दोन टायर खाऊन झाल्यावर परत आले. माणूस तोलायचा काटा कुठं असणार? शेवटी त्यांना मिरचीच्या आडतीत नेलं. साहेब शिंकत शिंकत काट्यावर चढले. हमालाला वजन ओरडून सांगायची सवय, त्यानं बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला, "पावनेतीन मऽण!" दुसऱ्या दिवसापासून गिरणीत साहेबांचं खरं नाव कुणी घेईना.

ही पोती राजय्या जपून ठेवी. त्याला लिहिता येत नसे, म्हणून खुणा काढी. डॉक्टरांच्या पोत्यावर बाटली, साहेबांच्या पोत्यावर हॅट. शेडच्या भिंतीशी सोलापूरची सगळी प्रतिष्ठित मंडळी अशी ओळीनं उभी असत. त्यांच्याकडे बघत बसलं की वाटे, शहराचा कारभार यांच्याकडेच दिला तर काय बिघडेल?

आणि ती फरशी. राजय्या सगळ्यावर विनोद करी, फरशीवर करत नसे. सूत लावायचं तर खालची जमीन पाण्यासारखी सपाट हवी. त्यानं शहाबादी फरशा आणल्या आणि दोन महिने, काम बंद ठेवून, एकेक फरशी बसवली. घागरीनं पाणी ओतायचा आणि गुडघ्यांवर बसून ते कुठं जातं ते बघायचा. पाणी एका बाजूला गेलं की फरशी उचलायची, खाली चिमूटभर वाळू घालायची, परत बसवायची. शेवटी पाणी बिचारं कुठं जावं ते न कळून जागच्या जागी थांबायला लागलं, तेव्हा त्यानं दुकान पुन्हा उघडलं. जमीन आडत व्यापारी चन्नबसप्पांच्या मालकीची. माझी खोलीही त्यांचीच.

या चन्नबसप्पांचा पुतण्या मल्लिनाथ. त्याचे वडील वारून बारा वर्षं झाली होती, कारभार काकांच्या हाती होता. मल्लिनाथनं मुंबईहून एक विलायती टू-सीटर आणली. उघडी, हिरवी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, शर्यतीत पळवायची जात. काकांच्या मते ती गाडी नव्हती, अवदसा होती. तिच्यात ना मिरचीचं पोतं मावे, ना चार पाहुणे. अशी वस्तू घरात आणणारा मुलगा हाताबाहेर गेला, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मल्लिनाथ गाडी घेऊन आला तो सगळी तयारी करून. धुतलेली, हवा सारखी, सांधे घट्ट. राजय्या खूश झाला. "बैलगाडीत म्हस बसली तरी कळत न्हाय. ह्यात मांजर बसलं तरी कळतंय," असं म्हणून त्यानं विचारलं, "किती जन बसता?"

"मी एकटाच."

मल्लिनाथ स्वतः उजवीकडं स्टिअरिंगपाशी तासभर दगडासारखा बसून राहिला. गाडी सुताला लागली. पंधरा दिवसांत परत आली. डावीकडं ओढतेय म्हणून. राजय्यानं तळवा टायरवरून फिरवला, वाकून डावी स्प्रिंग बघितली, डाव्या बैठकीच्या चामड्यावर हात ठेवला.

"शेटजी, डावीकडं कोन बसतं?"

"कोणी नाही."

राजय्यानं मान डोलावली. "बरं. मग त्या कोन न्हाईचं वजन किती?"

मल्लिनाथचे कान लाल झाले. तो गाडी तिथंच सोडून चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "एक मण, आठ शेर." राजय्यानं एका अक्षरानं काही विचारलं नाही. तेवढी वाळू भरली, पोतं डावीकडं ठेवलं, सूत ताणलं. नंतर ते पोतं भिंतीशी उभं राहिलं. त्याच्यावर त्यानं काही खूण काढली नाही.

पण मी वकील होतो. समोर पुरावा असताना मी गप्प कसा बसणार? वजन एक मण आठ शेर, म्हणजे बाई, आणि तीही सडपातळ. शिवाय सूत लावायच्या आधी राजय्यानं डावी बैठक ओल्या फडक्यानं पुसली, तेव्हा फडक्याला पांढरी पावडर लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली. गाडी होटगी रस्त्याला पहाटे दिसते, हे दूधवाल्यांकडून कळलेलं. शहरात तेव्हा एका नाटक कंपनीचा मुक्काम होता. बाकीचं मी बाररूममध्ये चहा पिता पिता सिद्ध केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ज्येष्ठ वकील माझं बोलणं मन लावून ऐकत होते. मी खटला असा काही रंगवला की ऐकणाऱ्याला त्या नटीच्या कानातले डूलसुद्धा दिसावेत.

चार दिवसांनी माझ्याकडं पहिलं अशील आलं. चन्नबसप्पा.

"वकीलसाहेब, तुमी शिकल्याली मानसं. तितंच बसता की रोज. पोरगं कुना बाईला फिरवतंय म्हनं. नाव सांगा. पंच बोलावतो, गाडी इकतो आन् पोराला गुलबर्ग्याच्या दुकानावर धाडतो."

नाव मला ठाऊक नव्हतं. ते मी बाररूममध्येही सांगितलं नव्हतं, एवढीच काय ती माझी अब्रू. मग आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. चन्नबसप्पांनी राजय्याला तोच प्रश्न केला. राजय्या एका चाकाच्या तारा ताणत होता.

"मला म्हाईत न्हाय, मालक."

"ते पोतं कुनाचं मग?"

"गाडीनं मला वजन सांगितलं. नाव सांगितलं न्हाय. मीबी इचारलं न्हाय."

"जागा माजी हाय, मिस्त्री."

"व्हय की. जागा तुमची. वजन तुमचं न्हवं."

चन्नबसप्पा तडक वळले. माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "लिवा नोटीस."

मी लिहिली. माझी पहिली नोटीस. पंधरा दिवसांत जागा खाली करून द्यावी, जमिनीला कायम जोडलेल्या वस्तू, फरशी धरून, जशाच्या तशा सोडाव्यात. फरशीचं ते कलम चन्नबसप्पांना सुचलं नव्हतं. ते माझं. कायद्याचा अभ्यास कुठं ना कुठं कामी यायला नको का?

नोटीस राजय्याच्या हाती पडली तेव्हा तो ती घेऊन माझ्याच बाकापाशी आला. "वाचून दाखवा की वकीलसाब."

मी वाचली. सगळी. फरशीचं कलम आलं तेव्हा माझा आवाज उतरला, तर म्हणाला, "मोठ्यानं वाचा, ऐकू येईना." वाचून झाल्यावर त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"झकास लिवलंय वो. कुनी लिवलं?"

"मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खालच्या फरशीकडं. "सरळ हाय," एवढंच म्हणाला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढी शरम मला पुढच्या सगळ्या वकिलीत वाटली नाही, आणि पुढं वाटावी अशी कामं काही कमी केली नाहीत.

पंधरा दिवसांच्या आतच तो गेला. खुंट्या, सुताचं रीळ, अवजारं आणि ती सगळी पोती हातगाडीवर लादली. निघताना घागरभर पाणी फरशीच्या मधोमध ओतलं, ते जागच्या जागी थांबलेलं बघितलं आणि बाहेर पडला. पुढच्या आठवड्यात चन्नबसप्पांनी तिथं गुळाच्या ढेपा रचल्या. सबंध सोलापुरात एवढ्या सपाट जमिनीवर ठेवलेला गूळ दुसरा नसेल.

नंतर महिनाभर मी त्याच्याकडं गेलो नाही. मग एका रविवारी सकाळी गेलो, सहज फिरायला निघाल्यासारखा. होटगी रस्त्याला त्यानं उघड्या माळाचा एक तुकडा घेतला होता. वर चार बांबूंवर पत्रा. काळी माती उकरून, खालच्या मुरमापर्यंत जाऊन तो पुन्हा फरशा बसवत होता. वीसेक बसल्या होत्या. शेजारी घागर. बांबूंच्या कडेनं डॉक्टर, साहेब आणि बाकीची मंडळी उन्हात उभी. मला बघून त्यानं रागाचा एक शब्द काढला नाही, त्यामुळं मला अधिकच अवघडल्यासारखं झालं.

"बसा की. बाक न्हाय. साहेबावर बसा."

मी पावणेतीन मणांवर बसलो. माफी मागायचे शब्द घरून जुळवून आणले होते, तेवढ्यात हॉर्न वाजला.

हिरवी टू-सीटर रस्त्यावरून माळावर वळली. सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन. मल्लिनाथ चालवत होता. आणि डाव्या बाजूला, एका हातानं दरवाजाची कड पकडून, ताठ बसलेली एक म्हातारी होती. साधं इरकली लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. वाऱ्यानं भस्म खांद्यावर उडालं होतं, बैठकीच्या पाठीवर उडालं होतं.

मल्लिनाथची आई. सगळं घर तिला अव्वा म्हणे. नवरा गेल्यापासून बारा वर्षं सिद्धेश्वराच्या देवळाखेरीज तिनं उंबरा ओलांडला नव्हता, अशी तिची गावात ख्याती होती. चन्नबसप्पा ती चारचौघांत अभिमानानं सांगत.

राजय्या माझ्याकडं न बघताच हळू म्हणाला, "पावडर न्हवं वकीलसाब. भस्म."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"पुसताना कळलं की. कुनाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बसाय दिलं असतं का तिला?"

मल्लिनाथ उतरला. "मिस्त्री, गाडी तयार करून आणलीय. धुतलीय, हवा बघितलीय. आज पोतं नको." मग त्याला राहवेना. "मार्केटातनं आणली. काका दुकानाच्या पायरीवर उभे होते. अव्वानं त्यांना हात केला!"

"सुम्नीर," अव्वानं त्याला कानडीत गप्प केलं. मग मिस्त्रीला म्हणाली, "तुमची जागा गेली म्हनं माज्यापायी."

"जागा हितं हाय की अव्वा. जरा खालीवर हाय, एवढंच."

त्यानं आपली सगळी तपासणी केली. गाडीखाली डोकावला, गार नसलेल्या टायरांबद्दल मल्लिनाथला बोलला आणि गाडी सावलीत घेऊन टायर गार होईतो सगळ्यांना थांबवलं. अव्वा उतरायला तयार नव्हती. ती बसून माळ बघत राहिली. मग गाडी दहा पावलं पुढं ढकलत नव्या फरशीवर घेतली. ढकलायला एक माणूस कमी होता, तो मी झालो. एका चाकाखालची फरशी गव्हाच्या दाण्याएवढी खाली बसली. राजय्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं गाडी परत बाजूला काढायला लावली, फरशी उचलली आणि वाळूसाठी इकडंतिकडं बघितलं. मग भिंत नसलेल्या त्या कडेला गेला, बिनखुणेचं पोतं ओढत आणलं, त्याचं तोंड सोडलं आणि त्यातली वाळू मुठीमुठीनं खाली पसरायला लागला. उरलेली बाकीच्या फरशांसाठी बाजूला ओतली. पोतं झटकलं, घडी घालून ठेवून दिलं.

घागर ओतली. पाणी थांबलं. गाडी पुन्हा दहा पावलं ढकलत फरशीवर आली. त्यानं खुंट्या रोवल्या, सूत ताणलं, छेडलं, कान दिला.

"अव्वा, आता हलायचं न्हाय हां. घटकाभर."

"बारा वर्सं न्हाय हल्ले," अव्वा म्हणाली. "घटकेचं काय एवढं?"

राजय्या चाकाशी गुडघे टेकून बसला आणि तेलुगूत आकडे मोजायला लागला.